बिस्त्रोत जेवताना साखर सांभाळा

लेकीकडे पॅरिसला गेलो होतो. गल्लीतल्या बिस्त्रोत, म्हणजे घरगुती छोट्या हॉटेलात, जेवायला निघताना आम्ही सवयीने मधुमेहाची गोळी घेतली. तिथे स्वयंपाकघर संध्याकाळी सातनंतर सुरू झाले! वाट पाहता पाहता हात थरथरू लागले, घाम फुटला. साखर उतरली होती. कॉफीसोबतच्या साखरेच्या वड्यांनी सावरलो, मग फुकट येणारा पाव खाल्ला. पुढच्या खेपेस जेवणाची वेळ आधी विचारली, साखर खिशात ठेवली. फळ्यावर खडूने लिहिलेला साल्मन मासा आणि मसूर मागवला. वाइन नको असेल तर 'काराफ दो' म्हणायचे (ऐकायला हिंदीच!), नळाचे पिण्याचे पाणी मोफत मिळते. 2022पासून तसे ठळक लिहिणे हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे. मागायला लाजू नका. शेवटचे गोड एकच घेतले, चमचे तीन: लेकीचा, जावयाचा, आमचा.