जॅझ-रसिकांची मतमतांतरे : मुंबईच्या संदर्भात काही विचार

जॅझ संगीताचे चाहते एकत्र जमले म्हणजे त्यांच्यात जी चर्चा रंगते तिला विद्यापीठीय संशोधनात फारसे स्थान मिळालेले नाही. अमुक ध्वनिमुद्रिकेतील ट्रम्पेट श्रेष्ठ की तमुक, एखाद्या जलशात वादकाचा सूर लागला होता की नव्हता, नव्या वादकांनी जुन्या वळणाचे सोने केले की माती केली, असे हे विषय. ही सारी फावल्या वेळची बोलणी असून इतिहासकाराने ती मनावर घेण्याचे कारण नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. जॅझच्या इतिहासाचे हे एक महत्त्वाचे साधन आहे. किंबहुना मुंबईतील कित्येक वादकांच्या बाबतीत याखेरीज दुसरे साधन जवळजवळ उरलेलेच नाही. मात्र कोणतेही मत प्रमाण म्हणून घेण्यापूर्वी ते कोणत्या परिस्थितीत बनले याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम, हे रसिक नेमके कशाविषयी मत देतात ते पाहू. जॅझमध्ये मूळ गाणे हे बहुधा निमित्तमात्र असते. असे गाणे पुष्कळदा बत्तीस मापांचे, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे सगळे मिळून एकशे अठ्ठावीस मात्रांचे असते. हे एक आवर्तन पुरे झाले की त्याखालची कॉर्डांची मालिका तशीच चालू राहते आणि वादक त्या मालिकेवर नवी स्वरवाक्ये जागच्या जागी रचीत जातो. बंदिशीवरील विस्ताराशी याचे साम्य उघड आहे. परंतु आपल्याकडे आधार रागाचा व स्थिर षड्जाचा असतो, तर येथे आधारच मापागणिक सरकत असतो. त्यामुळे कागदावरच्या स्वरलिपीत या कलाकृतीचा सांगाडाच तेवढा सापडतो. प्रत्यक्ष कृती त्या रात्रीच्या वादनात असते आणि ती एकदाच घडते. जिची प्रत नाही अशा कृतीविषयी ऐकणाऱ्याची साक्ष हीच पहिली नोंद ठरते.

ध्वनिमुद्रणामुळे ही अडचण दूर झाली असे वाटण्याचा संभव आहे. १९१७ साली ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हापासून अटलांटिकच्या दोन्ही बाजूंस या संगीताचा प्रसार मुख्यतः तबकडीनेच झाला. पण तबकडीने एक वाद मिटवून दुसरे अनेक उभे केले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. एवढ्यात प्रमुख वादकाच्या वाट्यास एखादे आवर्तन, क्वचित अर्धेच येई. ज्यांचा कान अशा तबकड्यांवर घडला त्यांना आटोपशीरपणा हा मोठा गुण वाटू लागला आणि जलशात तोच वादक दहा मिनिटे वाजवू लागला की तो पसरट वाटू लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून ओळखणारे आणि मैफलीत समोर बसून ऐकणारे यांच्या मतांत पडणारे अंतर आपल्या वाचकांस अपरिचित नसावे. दोघेही प्रामाणिक असतात. त्यांनी ऐकलेली वस्तू मात्र एक नसते.

येथे एक अवांतर गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. या जुन्या तबकड्यांतील मुख्य द्रव्य म्हणजे लाख, आणि ती बव्हंशी भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत लाखेच्या वापरावर निर्बंध आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील वादक-संघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तो पुरता मिटण्यास १९४४ उजाडले. नेमक्या याच काळात न्यू यॉर्कच्या क्लबांतून ‘बीबॉप’ ही नवी शैली आकार घेत होती. तिची जडणघडण तबकडीवर जवळजवळ आलीच नाही. जे रोज क्लबात जाऊन ऐकत होते त्यांना ती क्रमाने झालेली वाढ दिसली. जे दूर बसून तबकड्यांची वाट पाहत होते त्यांच्यावर ती अकस्मात आदळली. १९४७ मध्ये फ्रान्सच्या ‘हॉट क्लब’मध्ये फूट पडली, ह्यूग पानासिए एकीकडे व शार्ल दलोने दुसरीकडे झाले, त्यामागे व्यक्तिगत हेवेदावे असतीलच, पण तबकड्यांतील या खंडाचाही वाटा मोठा असावा, असे आम्हांस वाटते.

हे दलोने केवळ वाद घालणारे गृहस्थ नव्हते. १९३६ साली त्यांनी जॅझ ध्वनिमुद्रिकांची सूची प्रसिद्ध केली आणि वादक, तारीख व साच्याचा क्रमांक यांची नोंद करण्याची शिस्त घालून दिली. अमुक तबकडीवर क्लॅरिनेट कोणाचा, ही चाहत्यांची भांडणेच या शास्त्राच्या मुळाशी आहेत. साच्याचा क्रमांक पाहिला म्हणजे एकाच दिवशी एकच गाणे दोनदा वाजविले गेले होते हे कळते. चार्ली पार्कर याने २८ ऑक्टोबर १९४७ रोजी ‘एम्ब्रेसेबल यू’ हे गाणे दोन वेळा मुद्रित केले. दोन्ही वादने समोरासमोर ठेवून ऐकल्यास स्वरवाक्यांची मांडणी अगदी भिन्न असल्याचे ध्यानात येते. ‘पार्करचे ते वादन’ असे सैल बोलणारा रसिक यांपैकी कोणत्या वादनाविषयी बोलत आहे, हे विचारल्यावाचून त्याच्या मताला किंमत देता येत नाही.

मत पारखून घेण्याचा आणखी एक मार्ग समीक्षक लेनर्ड फेदर याने रूढ केला. ऐकणाऱ्यास वादकाचे नाव न सांगता तबकडी लावावयाची व मग अभिप्राय विचारावयाचा. ही एक प्रकारची आंधळी कोशिंबीरच म्हणा ना! १९५१ मध्ये ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज याने, वादक काळा की गोरा हे आपण नुसत्या कानाने ओळखू, असे सांगून ही परीक्षा दिली आणि जवळजवळ निम्मी उत्तरे चुकली. एल्ड्रिजसारख्या थोर कलावंताचा कान कच्चा होता असा याचा अर्थ नव्हे. वेष्टनावरील नाव व छायाचित्र आपल्या ऐकण्यात किती मिसळलेले असते, एवढेच यावरून दिसून येते.

आता मुंबईकडे वळू. १९३५ साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे १९४५ मध्ये कलकत्त्यास वारला. या मंडळींच्या सोबतीने गोव्याच्या तरुणांनी हे संगीत आत्मसात केले. गोव्यातील चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी वाचण्याचे व व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळत असल्यामुळे त्यांची तयारी आधीच पक्की होती. पण जॅझला लागते ती लय स्वरलिपीत नसते. ती शेजारी बसूनच उचलावी लागते.

अल्दोनाचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हा या पिढीतील सर्वांत गाजलेला ट्रम्पेटवादक. ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ही त्याला मिळालेली उपाधी आजही मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. संशोधकाने मात्र येथे थोडे थांबले पाहिजे. उपाधी देणाऱ्या रसिकाने आर्मस्ट्राँगला तबकडीवर ऐकले होते आणि चिक चॉकलेटला समोर. मोजपट्टी परदेशातून आलेली, मोजावयाची वस्तू येथली. तबकडीवरचे वादन हुबेहूब उतरले की ‘वाहवा’ मिळावयाची. पण ज्या कलेचा प्राण जागच्या जागी नवे रचण्यात आहे तिच्यात हुबेहूबपणा हा गुण कसा ठरावा? हॉटेलातील गिऱ्हाइकाला नाचावयास ओळखीची चाल हवी असे, हे खरे. तरी या उपाधीने चिक चॉकलेटचे स्वतःचे असे जे काही होते ते झाकले गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात चितळकर रामचंद्रांच्या संगीतात त्याचा वाद्यमेळ ऐकावयास व पाहावयासही मिळतो. तेथे आर्मस्ट्राँगची छाया आहे, पण पुणतांब्याच्या चितळकरांची ठेकेबाज चाल आणि अल्दोनाच्या वाझचे ट्रम्पेट यांच्या मिलाफातून जे निपजले त्याला न्यू ऑर्लिन्समध्ये जोड नाही.

हॉटेलांतील अशा वाद्यवृंदांच्या स्वतंत्र तबकड्या फारच मोजक्या निघाल्या. मुंबई राज्यात १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आल्यावर रात्रीच्या कामांवर परिणाम झाला आणि पुष्कळ वादक चित्रपटांच्या वाद्यमेळांत शिरले. तेथे त्यांचे वादन मुद्रित झाले खरे, पण श्रेयनामावलीत वादकांची नावे येत नसत. मुंबईच्या जॅझची दुहेरी अडचण ती हीच. जेथे वादक मोकळेपणाने वाजवीत होते तेथे मुद्रण नव्हते. जेथे मुद्रण होते तेथे नाव नव्हते. १९५२ मध्ये निरंजन झवेरी व त्यांच्या मित्रांनी मुंबईहून ‘ब्लू रिदम’ हे केवळ जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले. ते अल्पायुषी ठरले. तरी रसिकांच्या तोंडी चाललेली चर्चा छापून ठेवण्याचा हा येथला प्रारंभीचा प्रयत्न म्हणून त्याचे अंक जपण्याजोगे आहेत.

१९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर याचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवरून ऐकू येऊ लागला, आयातीवरील निर्बंधांमुळे तबकड्या दुर्मिळ झालेल्या काळात त्याचे महत्त्व मोठे होते. मग १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक याचा चौघांचा संच मुंबईस आला. ब्रूबेकने येथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत वादन केले आणि मुंबईच्या रसिकांपुढे एक नवाच प्रश्न येऊन उभा राहिला : परक्याने आपले संगीत कानात साठवावे आणि आपल्या जॅझवादकाने मात्र तबकडीच गिरवावी काय? पुढील काळात ब्राझ गोन्साल्विस याने सॅक्सोफोनवर रागाधारित रचना केल्या. मुंबईत जन्मलेला गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा याने लंडनला जाऊन १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ व जो हॅरियटसह ‘हम दोनो’ हे संग्रह मुद्रित केले.

अशा मिश्रणांविषयी रसिकांत जी टोकाची मते आढळतात त्यांचे कारण केवळ आवडीनिवडीत शोधू नये. दर दोन मापांना कॉर्ड बदलत असेल तर रागातील एकाच स्वराचे खालच्या आधाराशी असलेले नाते सतत पालटते. वादी-संवादींचा तोल राहत नाही. राग राखावा तर कॉर्ड अडखळतात, कॉर्ड राखाव्या तर रागाची नुसती स्वरपंक्ती उरते. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या संग्रहाने कॉर्डांची गर्दी कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबण्याची वाट रुळविली, तेव्हा ही अडचण पुष्कळशी सुटली. त्याआधीच्या घाईच्या प्रयोगांना नाके मुरडणारे रसिक पुराणमतवादी होते असे सरसकट म्हणता येणार नाही. त्यांच्या कानाला खटकत होते ते खरोखरच तेथे होते.

झवेरी यांच्याच पुढाकाराने १९७८ साली धोबी तलावजवळच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सॉनी रोलिन्सला मुंबईकरांनी उघड्या आकाशाखाली ऐकले. ध्वनिविषयक नियमांमुळे रंगभवनातील रात्रीचे जलसे पुढे बंद झाले. काळा घोड्याचे ‘रिदम हाउस’ हे तबकड्यांचे दुकानही २०१६ मध्ये मिटले. ज्या जागांभोवती ही चर्चा होत असे त्या गेल्या. चर्चा करणारे मात्र सगळेच गेलेले नाहीत.

आणि त्यांना शोधावयाचे तर आता दक्षिण मुंबईत राहून भागणार नाही. गेल्या चार दशकांत घरांच्या किमतींमुळे शहराच्या जुन्या वस्त्यांतील असंख्य कुटुंबे, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही, पश्चिम रेल्वेच्या उत्तर टोकाकडे, मीरा रोड-भाईंदरकडे सरकली. त्याच महानगरपालिकेच्या हद्दीत उत्तन, पाली, डोंगरी ही कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी गावे आहेत. तेथे लग्नातील ‘उंबराचे पाणी’ आणण्याच्या विधीस बँडची साथ लागते, आणि कोणाचा ट्रम्पेट खणखणीत, कोणाचा ड्रम ढिला, यावर मांडवात मते दिली जातात. हे जॅझ नव्हे. परंतु पितळी वाद्यांच्या नादावर घडलेला कान आणि तबकडीवर घडलेला कान एकाच ट्रम्पेटवादकाविषयी काय म्हणतात, हे ताडून पाहण्याची सोय या एका तालुकाभर प्रदेशात आहे तशी अन्यत्र क्वचितच असेल.

या भागात मुलाखती घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘तुमचा आवडता वादक कोण’ असे विचारून सुरुवात करू नये. त्याला ठरीव नावेच ऐकावयास मिळतील. आपण ते प्रथम कोठे ऐकलेत, समोर की तबकडीवर, तबकडी कोणाची होती, सोबत कोण होते, त्याचे मत काय पडले, या क्रमाने जावे. शक्य तर नाव न सांगता एखादे वादन ऐकवावे आणि बोलणे तसेच्या तसे उतरून घ्यावे. दोन साक्षीदारांची मते जुळली नाहीत तर सरासरी काढण्याच्या भरीस पडू नये. मतभेद जेथे आहे ती जागाच टिपून ठेवावी. तबकड्या दाखविल्या गेल्या तर वेष्टनाची मागील बाजू अवश्य पाहावी. विकत घेतल्याची तारीख, कोणाकडून उसनी आणली त्याचे नाव, एखाद्या वादनापुढे केलेली खूण किंवा फुली असे काही तेथे लिहिलेले असण्याचा संभव असतो. घर बदलताना हे संग्रह बहुधा वजनावर विकले जातात, आणि फाटके वेष्टन आधी फेकले जाते.