मात्रा लागू पडेपर्यंत

अवटू ग्रंथीचे काम मंदावलेल्या माणसाला, म्हणजे बोलीत ‘थायरॉइड झाला’ असे ज्याच्याबद्दल म्हटले जाते त्याला, रोज जे औषध घ्यावे लागते त्याचे नुसते वजन पाहिले तरी मात्रा ठरवण्याचे काम किती नाजूक आहे याचा अंदाज येतो. बाटलीवर छापलेला १०० हा आकडा मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागाचा असतो. त्या हिशेबाने वर्षभराच्या गोळ्यांतील खरे औषध ३६.५ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या जेमतेम दोन दाण्यांएवढे भरते, आणि २७ वर्षे नेमाने गोळी घेणाऱ्याच्या पोटातही त्याचे पुरते एक ग्रॅम गेलेले नसते. गोळीचा बाकी सगळा भाग हा तिला आकार देणारा भरणा असतो. एवढ्याशा द्रव्यावर हृदयाची गती, आतड्याची हालचाल, त्वचेचा ओलावा, पाळीचे चक्र, अंगाची ऊब आणि मनाची उभारी अवलंबून असल्यामुळे २५ मायक्रोग्रॅमचा फरक शरीराच्या लेखी किरकोळ राहत नाही.

गळ्यात श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी बसलेली ही ग्रंथी मुख्यतः थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात म्हणून तपासणीच्या अहवालात त्याला टी-४ म्हणतात. त्यातला एक अणू गळाला की टी-३ तयार होते आणि पेशींमधले प्रत्यक्ष काम बव्हंशी तेच करते. बाहेरून नुसते टी-४ दिले तरी शरीर त्यातून टी-३ बनवून घेते, हे ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग या संशोधकांनी १९७० मध्ये, ज्यांची स्वतःची ग्रंथी काम करत नव्हती अशा रुग्णांत दाखवून दिले, आणि लेव्होथायरॉक्सिन या एकाच घटकाच्या आजच्या गोळीला खरा आधार मिळाला तो त्यामुळे. या गोळीची गरज किती मोठी आहे हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून दिसते. मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांपैकी १०.९५ टक्क्यांमध्ये ग्रंथीचे काम कमी असल्याचे तिच्यात आढळले होते. मिठात आयोडीन आले तसा गलगंड मागे हटला, पण शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या ग्रंथीवर उलटण्याचा जो विकार जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केला, त्याला मिठाने काही अटकाव होत नाही.

मात्रा शोधण्याचा मार्ग ज्या आकड्यावरून जातो तो टीएसएच मुळात अवटू ग्रंथीचा नाहीच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील थायरॉक्सिनचा सतत अदमास घेत असते आणि ते कमी पडले की टीएसएच हे दुसरे संप्रेरक सोडून अवटूला कामाला लावते. म्हणजे टीएसएच वाढणे ही पीयूषिकेने केलेली हाकाटी असते. ही हाकाटी तुटीच्या प्रमाणात वाढत नाही, तिच्या कितीतरी पट वाढते. थायरॉक्सिन निम्म्यावर आले तर टीएसएच शंभर पटींच्या घरात जाऊ शकतो. त्यामुळे मागच्या खेपेस ४ असलेला आकडा या खेपेस ८ आला म्हणून आजार दुप्पट झाला, असा जो अर्थ लॅबमधून बाहेर पडतानाच लावला जातो, त्यात तथ्य नसते. उलट हाच अतिसंवेदनशीलपणा टीएसएचला मात्रेचा चांगला साक्षीदार बनवतो. जिथे बिघाड पीयूषिकेतच असतो तिथे मात्र हा साक्षीदार निरुपयोगी ठरतो आणि टी-४ पाहूनच मात्रा ठरवावी लागते.

हा साक्षीदार हाताशी नव्हता तेव्हाही रुग्ण बरे होत होते. न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचला. अंग सुजलेल्या, बोलणे जड झालेल्या त्या बाई पुढे २८ वर्षे जगल्या आणि तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद मरे यांनी करून ठेवली आहे. चेहऱ्यावरची सूज, नाडी, अंगाची ऊब यांवरूनच तेव्हा कमी-जास्त ठरत असे. पुढे १९१४ मध्ये केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले आणि शुद्ध औषधाची गोळी आली, तरी बराच काळ दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम देणे सर्रास चाले. टीएसएच मोजता येऊ लागल्यावरच यातल्या पुष्कळांना गरजेपेक्षा जास्त औषध जात होते हे उघड झाले आणि नेहमीच्या मात्रा खाली आल्या.

आज सुरुवातीचा हिशेब सोपा वाटतो. ग्रंथी पूर्णपणे काढलेल्या किंवा जवळजवळ बंद पडलेल्या प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ९६, व्यवहारात १०० ची गोळी. येथे वजन धरायचे ते उंचीला साजेसे, काट्यावर दिसणारे नव्हे, कारण चरबीला थायरॉक्सिन फारसे लागत नाही. ज्यांची ग्रंथी अजून थोडेफार काम करते त्यांना २५ किंवा ५० पुरते, आणि वृद्धांना किंवा हृदयविकार असलेल्यांना १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू चढावे लागते, कारण मंद चालीची सवय झालेल्या हृदयावर एकदम पूर्ण मात्रा पडली तर त्याची प्राणवायूची गरज अचानक वाढते. ७५ कमी आणि १०० जास्त पडते अशांसाठी ८८ ची गोळीही मिळते. ती न मिळाल्यास एक दिवस ७५ आणि एक दिवस १०० असा तोडगा डॉक्टर काढतात, तोही शास्त्राला धरूनच असतो.

त्यानंतर जे करायचे असते ते बहुतेकांना सर्वांत जड जाते, आणि ते म्हणजे वाट पाहणे. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे ७ दिवसांचा आहे. मात्रा बदलली की पहिल्या आठवड्यात त्या बदलाचा निम्माच परिणाम रक्तात उतरतो, दुसऱ्यात पाऊण, आणि पूर्णत्वाच्या जवळ जाण्यास ५ ते ६ आठवडे जातात. तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी सांगितली जाते ती यासाठी. पंधराव्या दिवशी रक्त देऊन आलेल्या आकड्यावर मात्रा वाढवणे म्हणजे भाताला पहिली वाफ येण्याआधी झाकण काढून वर पाणी ओतण्यासारखे आहे. याच संथपणाचा एक फायदाही आहे: एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडून घेतली तरी बहुतेकांना चालते.

येथवरचा हिशेब बाटलीवरच्या आकड्याचा झाला; पोटात गेलेली गोळी रक्तात किती उतरते ही बाब निराळी आहे, आणि मात्रा ‘लागू पडत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बरेचदा दोष तेथे निघतो. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीतले ७० ते ८० टक्के औषध लहान आतड्यातून शोषले जाते. मराठी घरातली सकाळ मात्र या शोषणाला फारशी अनुकूल नसते: गोळीची बाटली ओट्याजवळच्या फळीवर, बहुधा चहा-साखरेच्या डब्यांच्या शेजारी ठेवलेली, गोळी तोंडात पडते तेव्हा शेगडीवर दुधाचा चहा उकळत असतो आणि पाचव्या मिनिटाला तो कपात येतो, मागोमाग ॲसिडिटीची गोळी, नाश्त्यानंतर हाडांसाठी कॅल्शियम, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाची गोळी. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि या गोळीत ४ तासांचे अंतर लागते. आम्ल कमी करणाऱ्या औषधांमुळे गोळी नीट विरघळत नाही. कॉफी, दूध आणि सोयाबीन शोषण घटवतात. गोळी नुसत्या पाण्याबरोबर आणि खाण्यापिण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी, हा नियम यातून आला आहे. ज्यांना सकाळी ते जमत नाही त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी ती तितकीच, किंबहुना थोडी अधिक लागू पडते, असे २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या एका चाचणीत दिसले. पहाटेच्या डब्यांमागे धावणाऱ्या बाईला ‘अनशापोटी घ्या’ एवढेच सांगण्यापेक्षा ही सोय सांगणे अधिक उपयोगाचे आहे. फळीवरची ती जागाही बदललेली बरी, कारण ऊन, वाफ आणि ओल यांनी हे औषध हळूहळू क्षीण होते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलीची कमतरता नसते.

गोळीतला भरणाही अगदीच निष्क्रिय मानता येत नाही. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये लाखो लोक घेत असलेल्या लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीतील लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घालण्यात आले. औषध तेच, आकडाही तोच, पण थकवा, केस गळणे, चक्कर अशा हजारो तक्रारी आल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. नवी गोळी सरासरीने जुन्या गोळीशी समतुल्य ठरलेली होती. वाद होता तो सरासरीत एकेक माणूस बसतो की नाही याचा. एका कंपनीची गोळी चालू असताना दुकानदाराने दुसरी दिली तर ६ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहावा, असे म्हटले जाते ते उगाच नव्हे.

मोजमापाच्या बाजूनेही गफलती होतात. टीएसएच रात्री उशिरा सर्वांत चढलेला आणि दुपारी उतरलेला असतो, म्हणून दर वेळी रक्त साधारण एकाच वेळी द्यावे. गोळी घेतल्यावर काही तास टी-४ तात्पुरते वाढते, म्हणून त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो, तेव्हा ते किमान दोन दिवस आधी थांबवणे बरे. आणि एखाद्याचा टी-४ भरलेला पण टीएसएच चढलेला आला, तर अनुभवी डॉक्टर मात्रा वाढवण्याआधी शांतपणे विचारतात की गोळ्या महिनाभर घेतल्या की तपासणी जवळ आल्यावर चार-सहा दिवस. कारण टी-४ त्या काही दिवसांत सावरते, पीयूषिका मात्र इतक्या लवकर समजूत करून घेत नाही.

आकडा साधारण ०.४ ते ४ या मर्यादेत येऊनही थकवा, जडपणा आणि वाढते वजन कायम राहिलेली माणसे असतात, आणि त्यांची तक्रार मनाची म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. मात्र उपाय दर वेळी मात्रेत असतो असे नाही. ऑस्ट्रेलियात वॉल्श यांनी २००६ मध्ये ५६ रुग्णांना २५ मायक्रोग्रॅमच्या फरकाच्या तीन मात्रा, कोणती कधी हे कळू न देता, पाळीपाळीने दिल्या. त्यांच्या बरे वाटण्यात फरक पडला नाही. अमेरिकेत सॅम्युएल्स यांनी २०१८ मध्ये १३८ जणांवर केलेल्या चाचणीत याहून मौजेची गोष्ट दिसली: आपली मात्रा वाढली की घटली हे लोकांना ओळखता येईना, पण जी मात्रा जास्त आहे असे त्यांना वाटले तीच त्यांना अधिक पसंत पडली. अशा वेळी हिमोग्लोबिन, बी-१२, झोप आणि रजोनिवृत्ती यांच्याकडे आधी पाहिले जाते. टी-४ बरोबर थोडे टी-३ देऊन पाहण्याचा पर्याय काही तज्ज्ञ निवडक रुग्णांपुरता मान्य करतात, पण टी-३ चे अर्धायुष्य जेमतेम एका दिवसाचे असल्याने रक्तात ते झपाट्याने वर-खाली होते. गरजेपेक्षा जास्त मात्रेने सुरुवातीला हुशारी वाटते, वजनही किंचित उतरते, आणि पुढे छातीत धडधड, हृदयाचा अनियमित ठोका व हाडांची झीज यांनी त्याची वसुली होते.

गर्भारपणात याच्या नेमके उलट, वाढवण्यात उशीर करून चालत नाही. पहिल्या काही महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढत असल्याने दिवस गेल्याचे कळताच मात्रा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि त्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सात गोळ्यांऐवजी नऊ. पुढे अर्धे गर्भारपण होईपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी होते आणि बाळंतपणानंतर मात्रा पूर्ववत केली जाते. उतारवयात दिशा पुन्हा फिरते. सत्तरीनंतर निरोगी माणसाचाही टीएसएच थोडा वर सरकतो, आणि ७० ते ८० या वयोगटासाठी अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१४ मध्ये ४ ते ६ हे उद्दिष्ट चालण्यासारखे मानले. ६५ वर्षांपुढील, किंचित वाढलेला टीएसएच असलेल्या ७३७ जणांच्या युरोपीय चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, गोळीने त्यांच्या लक्षणांत सुधारणा दिसली नाही. तरीही चाळिशीत लागलेली १०० ची गोळी पंचाहत्तरीत, वजन आणि स्नायू दोन्ही घटल्यावरही, औषधाच्या दुकानातून त्याच जुन्या चिठ्ठीवर येत राहते, आणि रात्री छातीत होणाऱ्या धडधडीचा हिशेब वयाच्या खात्यावर लिहिला जातो.