महिला कुस्ती : पात्रता वाढली, पदके एकाच पट्ट्यात

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेसाठी भारताचे सहा कुस्तीगीर पात्र ठरले होते. त्यांपैकी पाच महिला होत्या. पुरुष एकच, अमन सहरावत. पदक मात्र त्या एकट्या पुरुष मल्लाने मिळवले. महिला गटातील पाचही जणी रिकाम्या हाताने परतल्या आणि त्यांपैकी एकीचे, विनेश फोगाटचे, किमान रौप्यपदक अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर गेले.

या निकालाची चर्चा प्रामुख्याने शंभर ग्रॅम वजनाभोवतीच फिरली. ते स्वाभाविकही होते. तथापि, गेल्या दोन दशकांतील आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या निकालांवर दृष्टिक्षेप टाकला असता त्या शंभर ग्रॅमपलीकडचे एक चित्र दिसून येते.

महिला कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेमध्ये झाली, तर ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश २००४ च्या अथेन्स स्पर्धेपासून करण्यात आला. प्रारंभी ४८, ५५, ६३ आणि ७२ किलो असे चारच वजनी गट होते. २०१६ मध्ये रिओ येथे ते सहा झाले. सध्या ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६ किलो असे सहा ऑलिंपिक गट आहेत. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र दहा गट असतात.

अथेन्स आणि बीजिंग या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत भारताची एकही महिला कुस्तीगीर नव्हती. लंडन येथे २०१२ साली गीता फोगाट एकटी उतरली. रिओ येथे ही संख्या तीन, टोकियो येथे चार आणि पॅरिस येथे पाच झाली. या तेरा सहभागांतून हाती आलेले पदक एकच : रिओ येथे ५८ किलो गटात साक्षी मलिकने मिळवलेले कांस्य.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील आलेख अधिक बोलका आहे. अलका तोमरने २००६ साली चीनमधील ग्वांगझू येथे कांस्यपदक मिळवले. त्यानंतर सहा वर्षे काही नाही. २०१२ मध्ये गीता आणि बबिता या फोगाट भगिनींनी प्रत्येकी एक कांस्य मिळवले. पुन्हा सहा वर्षांचा खंड. २०१८ मध्ये पूजा धांडाने बुडापेस्ट येथे कांस्यपदक जिंकले आणि तेथून पुढे, करोनामुळे रद्द झालेले २०२० हे वर्ष वगळता, २०२५ पर्यंतच्या प्रत्येक जागतिक स्पर्धेत भारतीय महिलेने पदक मिळवले आहे : २०१९ आणि २०२२ मध्ये विनेश, २०२१ मध्ये अंशू मलिक व सरिता मोर, २०२३ आणि २०२५ मध्ये अंतिम पंघाल, २०२४ मध्ये मानसी अहलावत. यांपैकी अंशूचे ऑस्लो येथील पदक रौप्य होते. बाकी सर्व कांस्य. वरिष्ठ गटात सुवर्ण अद्याप एकीलाही मिळालेले नाही.

याचा अर्थ सातत्य आले आहे. पूर्वी सहा वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट आता नियमित झाली आहे. मग अडते कोठे?

जपानची भिंत

या पदकांचे वजनी गट पाहिले की उत्तराचा एक भाग सापडतो. ५१, ५३, ५५, ५७ आणि ५९ किलो. भारतीय महिलांची जागतिक स्पर्धेतील सर्व पदके या पट्ट्यातील आहेत. साक्षीचे ऑलिंपिक कांस्यही ५८ किलोचेच. साठ किलोच्या वर वरिष्ठ जागतिक किंवा ऑलिंपिक पदक एकही नाही.

आता याच पट्ट्यात जपानची कामगिरी कशी आहे ते पाहावे. २००४ ते २०२४ या सहा ऑलिंपिक स्पर्धांत महिला कुस्तीची एकूण तीस सुवर्णपदके देण्यात आली. त्यांपैकी एकोणीस जपानने जिंकली. ५३ ते ६३ किलो या मधल्या गटांचाच विचार केला तर पंधरापैकी चौदा सुवर्णपदके जपानची आहेत. अपवाद एकच : रिओ येथे ५३ किलो गटात अमेरिकेच्या हेलन मारुलिसने साओरी योशिदाला अंतिम लढतीत हरवले. योशिदा ही तोवर तीन वेळची ऑलिंपिक विजेती आणि तेरा वेळची जगज्जेती होती. कुस्तीविश्वाला त्या निकालाचा धक्का का बसला असावा, हे या आकड्यांवरून सहज ध्यानात येईल.

सर्वाधिक वजनाच्या गटात मात्र परिस्थिती उलट आहे. तेथे सहा सुवर्णपदके पाच देशांत विभागली गेली. पहिली दोन चीनला, त्यानंतर रशिया, कॅनडा आणि जर्मनीला. जपानला या गटातील पहिले सुवर्ण थेट पॅरिस येथे युका कागामीने मिळवून दिले. ६८-६९ किलो गटातील तीन सुवर्णांपैकी दोन अमेरिकेकडे गेली आहेत. थोडक्यात, ज्या गटांत भारताची ताकद एकवटली आहे त्याच गटांत जगातील सर्वांत भक्कम भिंत उभी आहे. आणि जेथे दार किलकिले आहे तेथे आपण उशिरा पोहोचलो आहोत.

ही भिंत एका रात्रीत उभी राहिलेली नाही. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्तीला स्थान नव्हते तेव्हापासून, म्हणजे १९८० च्या दशकापासून, जपानने मुलींना या खेळात आणले. योशिदा आपल्या वडिलांनी घरीच चालवलेल्या तालमीत शिकली. आईची प्रांतातील ओबू येथील एका विद्यापीठातून योशिदा, काओरी इचो, एरी तोसाका, रिसाको कावाई अशा विजेत्यांची रांगच तयार झाली. तथापि, खरी शक्ती विजेत्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या फळीत आहे. चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या इचोला २०१९ साली ५७ किलो गटातील निवड लढतीत कावाईकडून पराभव पत्करावा लागला आणि तिचा टोकियोचा मार्ग बंद झाला. जपानमध्ये राष्ट्रीय संघात स्थान मिळवणे हीच अनेकदा जागतिक दर्जाची लढत असते.

आपल्याकडे मात्र एका गटात दोघी आणि शेजारच्या गटात कोणीच नाही, असे घडते. ५३ किलो गटाचा पॅरिसचा कोटा अंतिम पंघालने २०२३ मध्येच मिळवला होता. तोवर त्याच गटात खेळत आलेल्या विनेशला त्यामुळे ५० किलोकडे वळावे लागले. दुसरीकडे, पॅरिस येथे भारताची प्रतिनिधी नव्हती असा एकमेव गट ६२ किलोचा होता. साक्षी मलिक आपल्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात याच गटात खेळत होती.

दुसऱ्या दिवसाचे वजन

येथे वजनाच्या नियमाचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. पूर्वी एका गटाच्या सर्व कुस्त्या एकाच दिवशी होत आणि वजन आदल्या सायंकाळी घेतले जाई. मल्लाला रात्रभर पाणी पिऊन, जेवून पूर्ववत होण्यास वेळ मिळे. २०१८ पासून प्रत्येक गटाच्या लढती दोन दिवसांत विभागण्यात आल्या आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन घेण्यास प्रारंभ झाला. पाच-सहा किलो वजन उतरवून खालच्या गटात खेळण्याच्या प्रथेला आळा बसावा, हा त्यामागील एक हेतू होता.

विनेशने ६ ऑगस्ट २०२४ रोजी तीन कुस्त्या जिंकल्या. पहिलीच लढत टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी हिच्याशी होती. परदेशी प्रतिस्पर्ध्याकडून सुसाकी त्यापूर्वी कधीही हरली नव्हती. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत ०-२ अशी पिछाडी असताना विनेशने ताबा मिळवून दोन गुण वसूल केले. जपानचे अपील फेटाळले गेल्याने आणखी एक गुण मिळाला आणि निकाल ३-२ असा लागला. भारतीय महिला कुस्तीच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा विजय मानण्यास हरकत नसावी. कागदोपत्री मात्र त्याची नोंद पदकाच्या रूपाने झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅम अधिक भरले, नियमानुसार तिला शेवटचे स्थान देण्यात आले आणि क्रीडा लवादानेही १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला. पुढील वर्षी झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेत अमन सहरावतही वजन जास्त भरल्याने अपात्र ठरला. त्यामुळे हा प्रश्न एका व्यक्तीच्या चुकीपुरता मर्यादित आहे, असे म्हणता येत नाही. गटाची निवड, आहार आणि वजनाचे नियोजन यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न संघव्यवस्थेचा आहे.

बरोबरीत पराभव

गुणपद्धतीकडेही लक्ष द्यावयास हवे. २०१३ साली कुस्तीला ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस झाली, तेव्हा हा खेळ अधिक सुबोध करण्यासाठी नियम बदलण्यात आले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांतील गुणांची बेरीज होऊ लागली. पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली घेण्याचे दोन गुण ठरले. दहा गुणांची आघाडी मिळताच कुस्ती संपते. निष्क्रिय मल्लाला पंच तीस सेकंदांची मुदत देतात. त्या अवधीत कोणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला एक गुण दिला जातो.

गुण समान असल्यास मोठ्या किमतीचा डाव कोणी केला, ताकीद कोणाला कमी मिळाली आणि अखेरीस शेवटचा गुण कोणाचा, या क्रमाने निर्णय होतो. याचा फटका भारताला सलग दोन ऑलिंपिकमध्ये बसला. टोकियो येथे सोनम मलिक मंगोलियाच्या खुरेलखू बोलोरतुयाविरुद्ध २-० अशी पुढे होती. अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्धीने एकाच डावात दोन गुण घेतले आणि २-२ अशा बरोबरीत सोनम हरली. पॅरिस येथे ७६ किलो गटात रीतिका हुडाची किर्गिझस्तानच्या अइपेरी मेदेत किझीशी उपांत्यपूर्व लढत १-१ अशी संपली. शेवटचा गुण किझीचा असल्याने विजय तिचा.

याच स्पर्धेत ६८ किलो गटात निशा दहिया उत्तर कोरियाच्या पाक सोल गुमविरुद्ध ८-१ अशी आघाडीवर असताना हाताला गंभीर दुखापत झाली. वेदनेने कळवळत ती शेवटपर्यंत मॅटवर उभी राहिली आणि ८-१० अशी पराभूत झाली. ती कुस्ती पाहणाऱ्यांना गुणफलकापेक्षा तिचे अश्रूच अधिक स्मरणात राहिले असतील.

कुस्तीत पराभूत मल्लाला रेपेचाज पद्धतीने दुसरी संधी मिळते, परंतु तिला हरवणारी मल्ल अंतिम फेरीत पोहोचली तरच. साक्षीच्या बाबतीत रिओ येथे तसे घडले. उपांत्यपूर्व फेरीत तिला हरवणारी रशियाची वालेरिया कोब्लोवा अंतिम फेरीत गेली; साक्षीने मग आधी मंगोलियाच्या पुरेवदोर्जला आणि नंतर ०-५ अशी पिछाडी भरून काढत किर्गिझस्तानच्या अइसुलू तिनीबेकोवाला ८-५ असे नमवले. ही तिनीबेकोवा पुढे जगज्जेती झाली, हे येथे नमूद करावेसे वाटते. रीतिका आणि निशा यांच्या प्रतिस्पर्धी मात्र उपांत्य फेरीत हरल्या आणि दोघींची दारे तेथेच मिटली.

म्हणजे ज्या वरच्या गटांत सुवर्ण विभागले जाते, त्याच दोन गटांत पॅरिस येथे भारतीय मल्ल उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर होत्या. माझ्या मते त्या स्पर्धेतील ही सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाब आहे.

एका राज्याचा भार

भारताच्या नऊ महिला जागतिक पदकविजेत्यांपैकी अलका तोमर उत्तर प्रदेशची. उर्वरित आठजणी हरियाणाच्या. भिवानी, हिसार, रोहतक, सोनीपत, जिंद या जिल्ह्यांनी हा भार वाहिला आहे. तालमींची दीर्घ परंपरा असलेल्या आणि १९५२ साली खाशाबा जाधवांच्या रूपाने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणाऱ्या महाराष्ट्रात महिलांसाठी ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा प्रथम झाली ती २०२३ मध्ये, सांगली येथे. प्रतीक्षा बागडी तिची पहिली मानकरी ठरली. मातीवरील कुस्तीचा वारसा आपोआप मॅटवर उतरत नाही, हे यावरून दिसते.

त्यात २०२३ हे वर्ष आखाड्याबाहेरच्या संघर्षात गेले. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे आरोप केले. अध्यक्षांनी ते नाकारले. विनेश आणि साक्षी यांच्यासह आघाडीचे खेळाडू जंतरमंतरवर धरणे धरून बसले. निवडणुका वेळेत न झाल्याने जागतिक संघटनेने ऑगस्टमध्ये भारतीय महासंघाला निलंबित केले. परिणामी, बेलग्रेड येथील जागतिक स्पर्धेत अंतिमने कांस्यपदक मिळवले तेव्हा ती तिरंग्याखाली खेळू शकली नाही. डिसेंबरमध्ये साक्षीने कुस्ती सोडत असल्याचे जाहीर केले. जपानमध्येही असे प्रकरण झाले होते. महासंघातील एका वरिष्ठ प्रशिक्षकाने काओरी इचोचा छळ केल्याचे २०१८ च्या चौकशीत निष्पन्न झाले आणि त्याला पद सोडावे लागले. तीन वर्षांनी टोकियो येथे जपानच्या महिलांनी सहापैकी चार सुवर्णपदके जिंकली.

राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकांवरून आंतरराष्ट्रीय दर्जाचा अंदाज बांधणे योग्य नाही, हेही ध्यानात ठेवावे लागेल. तेथे जपान नसतो. चीन, मंगोलिया, किर्गिझस्तान, अमेरिकाही नसतात. बर्मिंगहॅम येथे २०२२ मध्ये सहाही भारतीय महिलांनी पदके मिळवली होती. ग्लासगो येथील २०२६ च्या स्पर्धेच्या कार्यक्रमात तर कुस्तीचा समावेशच करण्यात आलेला नाही.

कनिष्ठ गटातील चित्र अधिक विश्वसनीय आहे, कारण तेथे हे सर्व देश असतात. २०२२ साली अंतिम ही वीस वर्षांखालील जागतिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. पुढील वर्षी तिने ते राखले आणि भारतीय मुलींनी त्या गटाचे सांघिक विजेतेपदही प्रथमच पटकावले. त्याच वर्षी रीतिकाने तेवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकले, आणि तेही ७६ किलो गटात. या मुलींपैकी किती जणी वरिष्ठ गटात टिकतात आणि त्यांना कोणत्या वजनात खेळवले जाते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेब येथे अंतिमने स्वीडनच्या एम्मा मालम्ग्रेनचा ९-१ असा पराभव करून आपले दुसरे जागतिक कांस्य मिळवले. त्या स्पर्धेत महिला आणि पुरुष मिळून भारताला मिळालेले ते एकमेव पदक होते. वजनी गट ५३ किलोचाच.