हजेरीपट आणि खोड्या



गेल्या मृगांत माझा एक जुना विद्यार्थी नंदुरबारला माझ्या घरीं आला. त्याला एच्.आय्.व्ही.चा संसर्ग आहे व तो नियमित औषध घेतो. हातांत एका खाजगी तपासणीचा कागद होता. "गुरुजी, माझ्या रक्तांत कर्करोगाचा विषाणु निघाला. आतां शेत गहाण टाकूं का?" असें त्यानें विचारलें. मी पडलों जुना मॅट्रिक. परंतु जाणत्या डॉक्टरांकडून जें समजून घेतलें, तें आज आपणांस सांगतों.

कांजिण्या व नागीण उठविणारा विषाणु ज्या हर्पीस कुळांतला, त्याच कुळांतील दोन विषाणूंचा कर्करोगाशीं संबंध आहे. पहिला एप्स्टाइन-बार, युगांडांतील रुग्णाच्या गांठींत तो १९६४ सालीं प्रथम दिसला. दुसरा चँग व मूर ह्या दांपत्यानें १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें शोधला. त्वचेवर जांभळे डाग उठविणाऱ्या कापोशी सार्कोमा ह्या रोगाच्या मुळाशीं तो असतो. हा रोग आपल्या देशांत विरळा.

आतां मर्म ऐका. शंभर प्रौढांपैकीं नव्वदांहून अधिकांच्या शरीरांत पहिला विषाणु निजलेला असतोच. रक्तांत त्याचीं प्रतिपिंडें सांपडलीं, याचा अर्थ तो पूर्वी शिरला होता एवढाच. कर्करोग झाला असा नव्हे. हजेरीपटांत नांव आहे म्हणून मुलगा खोड्या करीत आहे, असें ठरत नाहीं.

वर्गावर जसा शिक्षकाचा धाक, तसा ह्या विषाणूंवर संरक्षक पेशींचा. एच्.आय्.व्ही. त्याच पेशी मारतो. धाक गेला कीं वर्ग माजतो. म्हणून एच्.आय्.व्ही.चें औषध हेंच पहिलें कवच. सरकार तें २००४ पासून मोफत देतें, आणि २०१७ पासून संसर्ग समजतांच तें सुरू करण्याचें धोरण आहे.

मग तपासणी केव्हां? मानेंतील वा काखेंतील गांठ जिरत नसेल, ताप हटत नसेल, वजन घटत असेल, त्वचेवर वा टाळूवर जांभळा डाग उठला असेल, तर विलंब करूं नये. तेव्हां डॉक्टर गांठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात व त्या पेशींतच विषाणूच्या खुणा शोधतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणु मात्र निराळ्या कुळांतला. त्याची तपासणी एच्.आय्.व्ही. असलेल्या भगिनींनीं कांहीं त्रास नसतांनाहि करून घ्यावी.

धडगांव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून येणारा माणूस दिवसाची मजुरी बुडवून दवाखाना गांठतो. त्याचा पैसा योग्य तपासणीवरच खर्च व्हावा.

माझ्या विद्यार्थ्याचें शेत गहाण पडलें नाहीं. औषधाची डबी खिशांत घालून तो पेरणीला गेला.