बैठी जीवनशैली आणि युवकांचे मानसिक आरोग्य

प्रस्तावना :
शारीरिक निष्क्रियतेचा विचार आपल्याकडे बहुधा स्थूलता, मधुमेह व हृदयविकार यांच्या संदर्भात केला जातो. मनाच्या आरोग्याशी असलेला तिचा संबंध तुलनेने उपेक्षित राहिला आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळून आले. याच वयाची मुले पुढे महाविद्यालयाच्या वर्गात येऊन बसतात. 'बसतात' हे क्रियापद येथे शब्दशः घ्यावयास हवे.

निष्क्रियता आणि बैठेपणा :
या दोन संकल्पनांची नेहमीच गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वयोगटाने दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करणे अपेक्षित आहे. २०१६ च्या १४६ देशांतील आकडेवारीनुसार ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले हा निकष पूर्ण करीत नव्हती. मुलांमध्ये हे प्रमाण ७८, तर मुलींमध्ये ८५ टक्के होते. बैठेपणा ही याहून वेगळी बाब होय. जागेपणी बसून वा रेलून, अत्यल्प ऊर्जा खर्च करीत घालविलेला काळ म्हणजे बैठेपणा. सकाळी तासभर क्रिकेट खेळून उरलेला दिवस बाकावर काढणारा विद्यार्थी एकाच वेळी सक्रियही असतो आणि बैठाही.

परस्परसंबंध :
या दृष्टीने इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात झालेले व २०२० साली प्रसिद्ध झालेले संशोधन महत्त्वाचे ठरते. त्यात ४,२५७ मुलामुलींची हालचाल वयाच्या १२, १४ व १६ व्या वर्षी गतिमापक यंत्राने नोंदविण्यात आली. मुलांच्या स्वतःच्या सांगण्यावर विसंबून न राहणे, हे या अभ्यासाचे बलस्थान. या चार वर्षांत बसून राहण्याचा दैनंदिन काळ सुमारे ७ तास १० मिनिटांवरून ८ तास ४३ मिनिटांवर गेला. बाराव्या वर्षी दररोज बसण्याच्या प्रत्येक अधिक तासामागे अठराव्या वर्षीच्या नैराश्यलक्षणांचे गुणांक ११.१ टक्क्यांनी अधिक आढळले. उलट तासभर अधिक हलकी हालचाल असणाऱ्यांत ते ९.६ टक्क्यांनी कमी होते. हलकी हालचाल म्हणजे चालणे, उभे राहून काम करणे, वाद्य वाजविणे. व्यायामशाळा येथे अनिवार्य नाही.

अर्थात, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. खिन्न मन अंथरूण सोडू देत नाही. त्यामुळे बैठेपणा नैराश्याचा परिणामही असू शकतो. शिवाय यंत्राला श्रम आणि खेळ यांतील भेद कळत नाही. घरकामात राबणारी विद्यार्थिनी त्याच्या लेखी सक्रियच ठरते.

महाविद्यालयीन संदर्भ :
लातूरसारख्या शहरांत अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याचा दिवस शिकवणी वर्ग, अभ्यासिका आणि खोली यांत विभागलेला असतो. या तिन्ही ठिकाणी तो बसलेलाच असतो. मुलींसाठी अंधार पडल्यावर मैदान जवळजवळ बंदच होते. क्रीडा विभागाचे लक्ष स्वाभाविकपणे संघात निवडल्या गेलेल्या मोजक्या खेळाडूंवर असते; ज्यांना धोका अधिक, ते मैदानाकडे फिरकतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचणारे साधन म्हणजे वेळापत्रक. दोन तासिकांमध्ये दहा मिनिटांचे अंतर ठेवणे, सलग तासिकांसाठी वर्गखोली बदलणे, प्रात्यक्षिके व गटकार्य उभ्याने घेणे, यांस वेगळा निधी लागत नाही. मात्र हे वेळापत्रक आखणारे प्राध्यापक उभे राहून शिकवितात. सलग चार तासिका बाकावर बसणे त्यांनी सोडून बरीच वर्षे झालेली असतात.