पहिल्या वर्षाचा बुजरा विद्यार्थी

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं घडलेला एक प्रसंग वाचकांपुढें मांडावासा वाटतो. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांतून पुण्यास गेला व तेथील एका महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षास दाखल झाला. बारावीस गुण उत्तम, तेव्हां अभ्यासाची चिंता कोणासच नव्हती. नरकचतुर्दशीचा फराळ आटोपल्यावर सर्वांदेखत तो खालीं मान घालून म्हणाला, "मी आतां परत जाणार नाहीं."

मग जें व्हावयाचें तेंच झालें. दादांनीं भरलेल्या शुल्काचा आंकडा सांगितला. आत्यांनीं आपल्या वेळचे हाल वर्णिले. मींही वडीलकीच्या तोऱ्यांत "जरा धीट हो" असा उपदेश करून घेतला. मुलगा अधिकच गप्प झाला.

रात्रीं माडीवर त्याच्याजवळ जाऊन बसलों, तेव्हां तुटक तुटक हकीकत कळली. प्रथम मीं एवढेंच विचारलें कीं, कोणी छळतें का? कारण वरच्या वर्गांतील मुलांची दांडगाई ही अगदीं निराळी गोष्ट. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ सालीं कायदा झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक महाविद्यालयास त्यासाठीं समिति नेमावी लागते. अशा वेळीं मुलालाच धीट होण्यास सांगणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय. पण तसें कांहींच नव्हतें. त्याला कोणी त्रास देत नव्हतें. कोणी विचारीतही नव्हतें. वर्गांत सव्वाशे मुलें. हजेरीचा क्रमांक पुकारला कीं त्याचा "हजर" ओठांवर येईपर्यंत पुढचा क्रमांक निघून जाई. मेसमध्यें कोणत्या टेबलाशीं बसावें हें न कळल्यामुळें तो गर्दी ओसरल्यावर, म्हणजे बहुधा पोळ्या संपल्यावर, जेवावयास जाई. वर्गाच्या व्हॉट्सॲप-गटांतील ओळ न् ओळ तो वाची. स्वतः मात्र एक अक्षर लिहीत नसे. "काका, तीन महिन्यांत तिथें मला कोणी नांवानें हांक मारलेली नाहीं," असें तो म्हणाला, तेव्हां माझा सकाळचा उपदेश माझ्याच घशांत अडकला.

विचार करतां मला वाटूं लागलें कीं, ह्यांत आमच्यासारख्या भरल्या घराचाही वांटा आहे. एकत्र कुटुंबांतील मुलाला ओळख करून घ्यावीच लागत नाहीं; ती त्याला जन्मतः मिळते. पाहुणा आला कीं आजी सांगते, "हा आमच्या थोरल्याचा धाकटा." वाणी आडनांवावरून ओळखतो, शाळेंत मागच्या-पुढच्या इयत्तेंत चुलतभावंडें असतातच. "मी अमुक, तूं कोण?" हें वाक्य अठरा वर्षें ज्याला बोलावें लागलें नाहीं, त्यास तें एका पावसाळ्यांत कसें यावें? शिवाय चार माणसें आलीं असतां आंत बसून राहणारा म्हणून आम्हीच त्याला गुणी म्हणत आलों होतों!

दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं व्यक्तिमत्त्व-विकासाच्या वर्गाची गोष्ट काढली. फी भरावयाची त्यांची तयारी होती. तेव्हां मला महात्मा गांधींच्या आत्मकथेंतील हकीकत आठवली, ती मीं घरांत सांगितली. १८८८ सालीं ते भावनगरच्या सामळदास कॉलेजांत दाखल झाले. व्याख्यानें समजत ना. एक सत्र संपतांच ते घरीं परतले. दोष मात्र त्यांनीं प्राध्यापकांस दिला नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते विलायतेस निघाले. बोटीवर कांट्याचमच्यांची व बोलण्याची इतकी धास्ती कीं, बरोबर घेतलेली मिठाई व फळें खोलींतच खाऊन त्यांनीं दिवस काढले. लंडनमध्यें सभ्य गृहस्थ होण्यासाठीं त्यांनीं दहा पौंडांचा सूट शिवविला, तीन पौंड भरून नृत्य शिकावयास घेतलें, तीन पौंडांचें व्हायोलिन विकत घेतलें, वक्तृत्वाची शिकवणीही धरली. हें वेड तीनएक महिने टिकलें. संकोच होता तिथेंच राहिला. १८९१ सालीं निघतांना स्नेह्यांस दिलेल्या मेजवानींत विचारपूर्वक तयार केलेलें भाषण पहिल्याच वाक्यापाशीं अडलें.

परंतु ह्याच बुजऱ्या विद्यार्थ्यानें बेजवॉटर भागांत शाकाहाऱ्यांचें एक लहानसें मंडळ काढलें व त्याचें चिटणीसपद संभाळलें. शाकाहारी मंडळींच्या पत्रांत लेखही लिहिले. सभेंत जीभ उचलेना, पण काम घेऊन चार माणसांत बसतां येई. मितभाषीपणा आपल्या उपयोगीच पडला, असें पुढें त्यांनीं स्वतः लिहिलें आहे.

हें ऐकून पुतण्या प्रथमच हंसला. "म्हणजे व्हायोलिन नको ना?" असें त्यानें विचारलें. व्हायोलिन नको, पण पेटी आहे, हें आजीच्या ध्यानांत आलें. गणपतींत आरत्यांना तो पेटीची साथ फार सुरेख करतो. साथ करणाऱ्याला बोलावें लागत नाहीं. मात्र गाणाऱ्याला त्याच्यावांचून चालत नाहीं. दिवाळीनंतर महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होणार होत्या. तेथें जाऊन नुसतें "मला पेटी येते" एवढेंच सांगावयाचें, हीं तीन शब्दांची तालीम त्यानें माडीवर माझ्यासमोर केली. मला ती किंचित् हास्यास्पद वाटली, पण मीं तें दाखविलें नाहीं.

आम्हीही आपसांत कांहीं ठरविलें. दूरध्वनीवर "मित्र किती झाले?" हा प्रश्न बंद; त्याऐवजीं जेवण वेळेवर झालें का, एवढेंच विचारावयाचें. संमेलनापर्यंत तो टिकला नाहीं, तर त्याला परत आणावयाचें व जवळच्या महाविद्यालयांत घालावयाचें. त्यांत घराण्याची नाचक्की नाहीं. हें दादांनीं स्वतः त्याला सांगितलें, आणि माझ्या मतें तो एस. टी. त चढला तो त्याच बळावर. झोप-अन्न तुटलें तर मात्र वाट न पाहतां वैद्यकीय सल्ला घ्यावयाचा, हेंही ठरलें.

निघतांना आजीनें चिवड्याचे दोन डबे दिले. "एक तुझा, आणि एक शेजारच्या खोलींतल्या मुलाचा. रिकामा झाला कीं मागून घे हो, पितळी आहे."

पेटीचें जमलें आहे, पण तालमींत अजून फारसें बोलणें होत नाहीं, असें तो सांगतो. त्या डब्याची चौकशी आजी दर आठवड्यास करते. शेजारच्या मुलानें तो परत दिला; त्यांत त्याच्या घरचे बेसनाचे लाडू होते म्हणे.