तेलकट लाकडावरची झिलई

आजोबांच्या जुन्या पाळण्याची शिसवी दांडी माझ्याकडे होती. तिचा तुकडा लेथवर कातून मी पेन केलं, वर पॉलियुरेथेनचे तीन हात दिले आणि मुलीला भेट दिलं. पंधरा दिवसांत बोटांच्या पकडीपाशी झिलई चिकट झाली, आणि नखाने सालीसारखी निघू लागली.

दोष झिलईचा नव्हता. साग, शिसव अशा लाकडांत अंगचं तेल आणि राळेसारखी द्रव्यं असतात. वाळवीला आणि पाण्याला ती दाद देत नाहीत, ती त्यामुळेच. पण तेच तेल झिलईला नीट धरू देत नाही. शिवाय असली झिलई हवेतला प्राणवायू घेऊन वाळते. शिसवीतली काही द्रव्यं नेमकी तीच क्रिया रोखतात. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाख कशी छान बसते! फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने ती वितळते आणि पकडते. पण ते लाकूड काळ्या कुड्याचं; नावात काळा, अंगाने फिकट आणि तेल जवळजवळ नसलेलं.

मग शिसवीचं काय करायचं? पॉलिश पेपर हलक्या हाताने चालवा. लाकूड तापलं की तेल वर येतं. धूळ नाकाला झोंबते, तोंडाला फडकं बांधा. मग लेथ बंद करून ॲसिटोनने पुसा. नखांचं रंग काढायचं द्रव नको, त्यात कधी कधी तेल असतं. ॲसिटोन भडकतं, तेव्हा जवळ विडी-काडी नको. पांढऱ्या फडक्यावर तांबूस डाग येणं कमी झालं की थांबा. पूर्ण जाणार नाही. उडून गेलं की लगेच पुढचं काम, कारण आतलं तेल पुन्हा वर सरकतंच.

पहिला हात चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा. मात्र मेण काढलेला चपडा घ्या, नाहीतर वरचा थर त्यावर धरणार नाही. एकट्या चपड्यावर थांबूही नका; घाम आणि स्पिरिट त्याला सोसत नाही. वर सायनोॲक्रिलेटचे, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे, पातळ हात. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, प्राणवायूची वाट पाहत नाही. पण आपल्या कोल्हापूरच्या श्रावणात तो पांढुरका पडतो. कोरडा दिवस बघा.

ते पेन मी खरवडून पुन्हा केलं. मुलगी रोज मागायची. आठवडाभर दिलं नाही.